अडीचचा हात

रेवतीच्या हातात बांगडी जाईना.

श्रावण तोंडावर आलेला. दुकानात बायकांची ही गर्दी, आणि माझीच नात माझ्यापुढं पाटावर बसून हात चोरत होती. मी तिचा अंगठा आत दुमडला, करंगळीकडची बाजू दाबली आणि सव्वादोनची हिरवी बांगडी पुढं सरकवली. ती अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडली ती अडलीच. साबणाचं पाणी लावलं, परत दाबलं. काडकन आवाज झाला.

"वाढली," मी म्हणाले. आम्ही कासार मंडळी बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही.

"आजी, अडीचची दे ना," रेवती म्हणाली.

"चैत्रात सव्वादोन जात होती तुला. चार महिन्यांत एवढा फरक पडतो होय?"

"वाढते की मी. चौदा वर्षांची झाले."

सून मंदा गल्ल्यावर होती. तिनं एकदा लेकीकडं पाहिलं आणि काचेचं स्वच्छ कपाट उगीचच फडक्यानं पुसायला घेतलं.

मी अडीचच्या बांगड्या काढल्या, भरल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं. पण हात चालत होते तेवढंच. डोकं रेवतीच्या हातातच अडकून राहिलं होतं.

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, बांगडी ओढायची नसते, हाताची समजूत घालायची असते. तेव्हापासून किती हातांच्या समजुती घातल्या त्याचा हिशोब नाही. हात नुसता धरला की बाई पाण्यातली, शेतातली की शिवणातली ते मला कळायचं. निदान मला तसं वाटायचं. आणि रेवतीचा हात तर मी ती बारशाला पाळण्यात होती तेव्हापासून ओळखत होते. लोण्यासारखा हात. असा हात वर्षात कितीसा वाढणार? आणि वाढला तर लांब होईल, जाड कसा होईल? तळव्याची कातडीसुद्धा राठ लागली होती मला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. रेवतीला सहाव्या वर्षीच मधुमेह निघाला होता. लहान मुलांना होतो तो, पहिल्या दिवसापासून इन्सुलिनचं इंजेक्शन लागणारा. पोरगी मोठी धीराची. सातव्या वर्षी स्वतःच्या हातानं सुई घ्यायला शिकली आणि सुईला घाबरणाऱ्या तिच्या बापाला, विलासला, डोळे मिटायला सांगायची. सगळं रांगेला लागलं होतं. पण मी घाबरट. माझ्या यजमानांनाही साखरच होती. त्यांनी कधी मनावर घेतली नाही, आणि पुढं पायापासून सुरुवात होऊन काय काय झालं ते मी जवळून पाहिलं होतं. शेवटी शेवटी त्यांच्या हाताची बोटं मेणाच्या खेळण्यासारखी ताठ झाली होती. देवापुढं हात जोडायचे तर तळवे एकमेकांना टेकायचे नाहीत.

त्यामुळं चैत्रात मिरजेच्या दवाखान्यात जे पाहिलं ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. तिथल्या डॉक्टर शाहीन मुजावर मधुमेही मुलांच्याच डॉक्टर. त्यांनी बाकावरच्या सगळ्या मुलांना ओळीनं नमस्कार करायला लावला. एका मुलाचे तळवे जोडल्यावर मधे फट राहिली. त्याच्या आईला त्या समजावत होत्या, ते मी कान देऊन ऐकलं: साखर फार दिवस चढी राहिली की सांधे आखडायला लागतात, आणि अशा मुलांच्या रक्तवाहिन्याही आतून बदलायला लागल्यात का, ते पाहावं लागतं. मूल वरून ठणठणीत दिसतं तेव्हाच. रेवतीचे तळवे त्या दिवशी टाळी वाजवावी तसे चिकटले होते. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलून टाकला होता.

आता बांगडी अडल्यावर मला सगळं एकदम आठवलं.

संध्याकाळी दिवा लावला आणि रेवतीला म्हटलं, नमस्कार कर. तिनं केला. मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि तिच्या तळव्यांच्या मधून पाहिलं. समईची ज्योत आरपार दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत नमस्कार करायला लावला, दुपारी शाळेतून आल्यावर तुळशीला, संध्याकाळी परत देवाला. प्रत्येक वेळी फट. विलास म्हणाला, आईला म्हातारपणी फारच भक्ती सुचायला लागली. रेवती बिचारी हात जोडायची, पण कसे, तर फुंकर घातल्यासारखे हलके. त्यात राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. मी उपासाचे लाडू करून ठेवले की चार दिवसांत डबा रिकामा. विलास गोड खात नाही, मंदाला लाडू आवडत नाहीत. म्हणजे पोरगी चोरून खाते, साखर चढते, आणि ती साखर तिच्या अंगात आपलं काम करून बसली. माझा हिशोब पुरा झाला. कुणाला बोलले मात्र नाही. बोललं की खरं होतं असं वाटायचं मला.

त्याच आठवड्यात मुजावर डॉक्टरांचा निरोप आला. त्या आसपासच्या मधुमेही मुलांच्या रक्तवाहिन्या तपासत होत्या. सुई नाही, दुखणं नाही, नुसतं यंत्र लावून पाहायचं. रेवतीला शुक्रवारी सकाळी बोलावलं होतं. मंदा म्हणाली, मी नेते. मी म्हटलं, मीच नेणार.

"आई, तुम्हाला कशाला उगीच दगदग? दुकानात सणाची गर्दी आहे."

"गर्दी तू बघ. मला जायचंय."

मंदाचा चेहरा पडला. मला वाटलं, हिलाही संशय आलाय आणि ही माझ्यापासून लपवतेय. लपवत होतीच ती, पण काय, ते मला मिरजेत कळायचं होतं.

दवाखान्यातली ती खोली थंड आणि अंधारी होती. डॉक्टर चाळिशीच्या, हातात घड्याळाशिवाय काही नाही. कुणाच्याही हाताकडं आधी बघायची मला खोडच. त्यांनी रेवतीला पलंगावर निजवलं, बांगड्या मनगटाकडं सरकवल्या आणि कोपराच्या खाली रक्तदाब मोजतात तसला पट्टा बांधला. दंडावर गार मलम लावून त्यावर यंत्राची मूठ ठेवली. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि मधे काळा पट्टा दिसायला लागला.

"ही हिची रक्तवाहिनी," त्या मला म्हणाल्या. "ही नुसती नळी नसते आजी. आतून तिला नाजूक अस्तर असतं. बिघडायचं झालं तर आधी ते अस्तर बिघडतं. म्हणून आत्ताच बघायचं, म्हणजे वेळेवर आवरता येतं."

मग पट्टा करकचून आवळला. हात पांढरा पडला. पाच मिनिटं असंच ठेवायचं आणि एकदम सोडायचं, असं त्यांनी सांगितलं. अडवलेलं रक्त लोंढ्यासारखं आत येतं, तेव्हा निरोगी वाहिनी त्याला जागा करून देते, रुंद होते. बिघडलेली होत नाही, ताठ राहते.

ताठ हा शब्द मी नेमका उचलला. समोर रेवती छताकडं बघत पडली होती, आणि मला दिसत होती ती यजमानांची बोटं.

डॉक्टरांनी पट्टा सोडला. त्या पडद्याला डोळे लावून बसल्या. मी न राहवून विचारलं, काय दिसतंय? तर हातानंच गप्प राहायची खूण केली. मी खुर्चीच्या कडेवर बसून आमच्या गणपतीला दुसरा नारळ बोलले. तिसराही बोलले.

"बघा," शेवटी त्या म्हणाल्या आणि पडदा माझ्याकडं वळवला. "ही आधीची. ही आत्ताची."

मला लिहिता-वाचता बेताचं येतं, पण माप मला कुणी शिकवायला नको. पहिल्या चित्रातली वाहिनी आणि दुसऱ्या चित्रातली यांत फरक होता. केसाएवढाच, पण होता. भरल्या घरात पाहुणा आला की बायका अंग चोरून त्याला जागा करतात ना, तशी ती सरकली होती.

"छान उघडतेय," डॉक्टर म्हणाल्या. मग मानेवर यंत्र लावून तिथली वाहिनी पाहिली. तिची भिंतही हवी तेवढीच पातळ होती. रेवतीच्या हातावरचं मलम पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या, "वल्हं सोडलं नाहीस ना गं? ते काही झालं तरी सोडायचं नाही."

रेवतीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"कसलं वल्हं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग रेवतीकडं. "आजींना ठाऊक नाही?"

"ठाऊक नाही अशी ही एकटी आजीच आहे," रेवती डोळे न उघडता म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या सांगलीत पावसाळ्यात कृष्णा भरली की होड्यांच्या शर्यती होतात. दोन्ही काठांवर माणूस मावत नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींच्या होडीची शर्यत ठरली होती, आणि माझी नात वैशाखापासून रोज पहाटे घाटावर नावाडी शामराव अंबींकडं वल्हं मारायला शिकत होती. मला सांगितलं होतं शिकवणी. शिकवणी होतीच म्हणा एका अर्थी. बाप तिला सायकलवरून सोडायचा. आई आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवून दिलं होतं की होडीत बसण्याआधी साखर तपासायची, कमी असेल तर आधी खायचं, लाडू जवळ ठेवायचा आणि होडीत साखरेचं सगळ्यांना ठाऊक असायला हवं. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या होडीला, सगळ्या घाटाला.

मला का नाही, ते विचारायची गरज नव्हती. घरात मीच नियम केला होता की रेवतीनं नदी लांबून बघायची. साखर उतरली की तिला घेरी यायची, आणि घेरी आणि पाणी हे दोन शब्द मी एका वाक्यात ऐकू शकत नव्हते.

पण माझी एक गाठ अजून सुटली नव्हती. मी म्हटलं, डॉक्टर, वाहिनी चांगली म्हणता, मग हिचे हात का जुळत नाहीत? रेवती, कर नमस्कार.

तिनं केला. तीच फट. डॉक्टर पुढं झाल्या, त्यांनी तिचे तळवे उलगडून दिव्याखाली धरले. बोटांच्या मुळाशी ओळीनं फोड होते, काही वाळलेले, काही नवे.

"आजी, हे फोड आहेत. दाबले की दुखतात, म्हणून ती हलकेच हात जोडते." मग रेवतीला म्हणाल्या, "टेबलावर ठेव हात." हात टेबलावर असा सपाट पसरला की खाली पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. "सांधे मोकळे आहेत. आणि हात जाड नाही झाला, भरलाय. वल्हं मारणारीचा हात आहे हा."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ठसका लागला. डॉक्टरांनी पाणी दिलं. आज चांगलं आहे म्हणजे कायमचं झालं असं नाही, इन्सुलिन, खाणं आणि दर वर्षी तपासणी चालूच राहील, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मी दोनदा मान डोलावली.

परतीच्या बसमधे रेवतीनं खिडकीची जागा धरली. विश्रामबाग मागं पडल्यावर रेवती म्हणाली, "ओरड ना एकदाची."

"आधी विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग?"

मी तिकिटाची घडी घालत राहिले. ती खिडकीबाहेर बघत बोलत राहिली. "शाळेत सगळ्यांच्या डब्यात एक असतं, माझ्या डब्यात दुसरं. मी मधल्या सुट्टीत खाल्लं की सगळ्या विचारतात, आत्ता का खातेस. होडीत तसं नाही. तिथं सगळ्याच दमतात आणि सगळ्याच खातात. माझं एकटीचं औषध वाटत नाही ते."

"म्हणजे माझे लाडू सगळ्या होडीनं खाल्ले?"

"शामरावकाकांनी पण. ते म्हणाले, हात चांगलाय तुझ्या आजीचा, नुसता गूळ थोडा जास्त पडतो."

"त्या अंबीला म्हणावं, फुकटचं खाऊन वर चव सांगतोस?" मी म्हटलं, आणि मग मला हसू आवरेना. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.

घरी आलो तर मंदा दारातच उभी होती. माझा चेहरा पाहून तिनं सगळं ओळखलं. पदराशी चाळा करत म्हणाली, चुकलं आई, पण एक विचारू? पोरीला दिवसातून तीन-तीन वेळा नमस्कार का करायला लावत होता? विलास तर तुम्हालाच डॉक्टरकडं न्यायचं म्हणत होता.

मी तिला सांगितलं. ती आधी डोळे पुसायला लागली आणि मग उंबऱ्यावर बसून हसत सुटली. आम्ही सासू-सून एकमेकींपासून लपवायचं ते लपवून बसलो होतो, आणि दोघींच्या मधे पोरगी रोज पहाटे नदी पार करत होती.

रविवारी शर्यत. मी जाणार की नाही हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पहाटे उठले, खण, नारळ, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या घेतल्या आणि घाटावर गेले. आमच्याकडं भरल्या कृष्णामाईची ओटी भरतात. इतकी वर्षं मी ती वरच्या पायरीवरून कुणाच्या तरी हाती देत आले होते. त्या दिवशी पाण्यापर्यंत उतरले.

होडी काठाला लागली होती. मुली बसायच्या तयारीत. रेवतीनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली, आकडा आईला दाखवला, अर्धा लाडू खाल्ला, अर्धा शेजारणीला दिला. तेवढ्यात शामराव अंबी आले. काळा कुळकुळीत, साठीचा गडी. त्यांनी रेवतीच्या मनगटाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"काकू, सरावाला चालवून घेतलं, पण शर्यतीत काचेच्या बांगड्या घालून वल्हं मारायचं म्हणजे आफत हाय बघा. वाढली तर हातात जायाची."

बाकी मुलींचे हात मोकळेच होते. रेवतीच्या हातात अडीचच्या बांगड्या होत्या, मीच भरलेल्या. आमच्या दुकानाचा दंडक असा की कासारणीनं भरलेली बांगडी कासारणीनं उतरवायची नाही. सासूबाईंनी मला कधी उतरवू दिली नाही, मी मंदाला दिली नाही. रेवतीला तो दंडक ठाऊक होता. म्हणून तर ती मनगट पाठीमागं घेऊन उभी होती.

"इकडं ये," मी म्हटलं.

घाटाच्या पायरीवर बसले, तिचा हात मांडीवर घेतला, कृष्णेचं पाणी लावलं आणि एकेक करून सगळ्या बांगड्या अखंड उतरवल्या. एकही वाढली नाही. कनवटीला बांधून म्हटलं, "जा. ह्या मी धरून बसते."

"आजी, तू वर जाऊन बस. इथं पाणी उडेल."

"उडू दे."

शर्यतीचं काय सांगू? शिट्टी झाली आणि नदीवर जो ओरडा उठला त्यात मला माझाच आवाज ऐकू येईना. रेवतीचा दंड पुढं जायचा, मागं यायचा, पाण्यातून वल्हं चकाकत वर यायचं. आयर्विन पुलाच्या सावलीत होडी शिरली तेव्हा माझा श्वास अडला, आणि पलीकडच्या उन्हात बाहेर आली तेव्हा सुटला. विलास पायरीवर उड्या मारत होता. मंदानं माझा दंड इतका आवळला की दवाखान्यातला पट्टा बरा. आमची होडी दुसरी आली. तीनच होड्या होत्या, पण दुसरी म्हणजे दुसरी. शामराव अंबींनी डोक्यावरची टोपी नदीत फेकली आणि मग ती आणायला एकाला पोहत पाठवलं.

रेवती चिंब भिजून आली, पुन्हा साखर पाहिली, आणखी एक लाडू तोंडात कोंबला आणि तसाच ओला हात माझ्यापुढं केला. मी कनवटीच्या बांगड्या सोडल्या. अंगठा आत दुमडला, करंगळीकडची बाजू दाबली. फोडांनी भरलेला तो राठ तळवा माझ्या हातात गरम लागत होता. पहिली बांगडी चढली आणि माझं बोट तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकलं.

तिथं नाडी उडत होती. अशी की माझं बोट उचललं जात होतं. एवढी वर्षं हजारो हात धरले, बोट रोज तिथंच टेकायचं, पण माझं लक्ष सगळं काचेकडं. बांगडीच्या खाली हे चाललेलं असतं, याची मी कधी दखलच घेतली नव्हती. रक्त येत होतं, वाट रुंद होत होती, परत येत होतं. मी दुसरी बांगडी हातात धरून तशीच बसून राहिले.

"आजी," रेवती वाकून म्हणाली, "भर ना लवकर. बाकीच्या थांबल्यात."

मी मान वर केली. तिच्या मागं होडीतल्या सगळ्या पोरी फोडांनी भरलेले ओले हात पुढं करून रांगेत उभ्या होत्या.

"मंदा," मी म्हटलं, "दुकान उघड जा. अडीचचा सगळा माल घेऊन ये."